पाव्हण्यांची चूल

अठरा वर्षांत पाव्हण्यांनी स्वतःच्या मालकीच्या फ्लॅटमध्ये एकही खिळा ठोकला नव्हता. घड्याळ फ्रिजवर, भिंतीला टेकवलेलं. देवांचे फोटो लोखंडी ट्रंकेवर. आरसा खिडकीच्या कठड्यावर, त्यामुळे दाढी करताना त्यांना गुडघ्यात वाकावं लागे. वसईजवळच्या जूचंद्रच्या त्या इमारतीत मी नवीन भाडेकरू म्हणून आलो, तेव्हा माझ्या खोलीसाठी त्यांच्याकडे हातोडी मागायला गेलो होतो. हातोडी नव्हतीच. "इथं काय कायमचं ऱ्हायचंय?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. नवा माणूस आल्या आल्या भिंतीला भोकं पाडायला निघालाय, हे काही त्यांना बरं लक्षण वाटलं नसावं.

सगळी इमारत त्यांना पाव्हणं म्हणायची, कारण ते सगळ्यांना पाव्हणं म्हणायचे. वॉचमन पाव्हणं, गॅसवाला पाव्हणं, सोसायटीचा सेक्रेटरी पाव्हणं. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत एका नटबोल्टच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. गाव पाटण खोऱ्यातलं. माझं घर कऱ्हाडच्या पुढं, म्हणजे निम्म्याहून अधिक रस्ता एकच, आणि या एवढ्या भांडवलावर त्यांनी मला आपल्या पंखाखाली घेतलं.

शहरात कसं राहायचं याचे त्यांचे काही नियम होते. पिशवी पुरती उघडायची नाही. वरचे दोन कपडे काढायचे, खालचे राहू द्यायचे. गावाकडची पिठं संपेपर्यंत इथलं पीठ आणायचं नाही. बोरिवलीहून एसटी धरायची तर ड्रायव्हरच्या मागची तिसरी रांग, कारण तिथं ऊन उशिरा येतं. गावाहून परतताना घरच्यांना "येतो" म्हणायचं आणि इथून निघताना शेजाऱ्यांना "जातो" म्हणायचं. हा शेवटचा नियम त्यांनी मला बस सुटता सुटता सांगितला आणि वर विचारलं, "तुमी काय म्हनून निगालासा?" मी काहीच न म्हणता कुलूप लावून निघालो होतो. त्यांनी मान हलवली.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ते गावी जात. तिथं त्यांचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं आणि त्या घरात कुणी राहत नव्हतं. ते जाऊन दार उघडत, झाडून घेत, चूल पेटवत, रात्र काढत आणि रविवारी परत निघत. मला हा निव्वळ वेडेपणा वाटायचा. मग एकदा उंब्रजच्या अलीकडे बस बंद पडली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून त्यांनी कारण सांगितलं.

त्यांच्या गावात चैत्रातल्या यात्रेला देवाची पालखी घरोघर फिरते. ज्या घरात चूल पेटते त्या दारात ती थांबते. घरची बाई ओवाळते, घरचा माणूस पालखीला खांदा देतो आणि पुढच्या दारापर्यंत नेतो. चूल बंद असलेलं घर पालखी ओलांडून जाते. कुणाची चूल पेटती आणि कुणाची नाही, हे यात्रेची पंचमंडळी ठरवतात. मुंबईला गेलेल्यांची घरं अशी एकेक करून गळत आली होती.

"वडील मुंबैत वारले त्या साली घर बंद होतं," ते म्हणाले. "आई यात्रेपुरती गावाला गेली. ताट घिऊन दारात हुबी ऱ्हायली. पालखी म्होरनं गेली, थांबली न्हाय. आईनं ताट तसंच हातात धरलेलं. म्या बारा वर्साचा. तवाच ठरिवलं, ही चूल इझू द्यायची न्हाय."

काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, मत वेगळं होतं. मुलगी लग्न होऊन भाईंदरला गेलेली, नवरा कारखान्यात, आणि इमारतीला पाण्याची जोडणी नाही. एक दिवसाआड टँकर येई. लिफ्ट बंद. काकू तीन जिने हंडे वाहत. तरीही जूचंद्र त्यांना मानवलं होतं. तिथल्या मूळ गावातल्या आगरी बायकांशी त्यांची ओळख झाली होती. त्यांच्यातल्या एका आजींच्या अंगणात बसून त्या दुपारी रांगोळीचा हात बसवायच्या. त्या आजींनी एकदा माझ्यादेखत विचारलं, "तुजा मानूस दर म्हैन्याला गावाला पलतो, तू का नाय जात गो बाय?"

"मी गेले तर हंडे कोण भरणार?" काकू म्हणाल्या. "त्यांची चूल तिकडे आहे, आजी. माझी इथं शेगडी आहे."

आता माझ्याबद्दल थोडं सांगणं भाग आहे. आमच्या घरात पाठ्यपुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील चळवळीतले, लहानपणी आम्ही भावंडं पत्रकांच्या घड्या घालता घालता वाचायला शिकलो. कागदावर खरं लिहिलं की माणसं हलतात, ही माझी श्रद्धा होती, आजही आहे. त्यामुळे पाण्यासाठी आमच्या चार इमारतींचं शिष्टमंडळ निघालं तेव्हा मी पुढं होतो. एका पुढाऱ्यानं आम्हाला बसवलं, चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला, "तुमच्या चार बिल्डिंगांत मतं किती?" आम्ही तिथंच बोटांवर मोजलं. निम्म्यांहून अधिक लोकांची नावं गावच्या यादीत होती. पाणी इथं मागायचं आणि मत द्यायला गावाला जायचं! मला त्या पुढाऱ्यापेक्षा आमचाच अधिक राग आला.

मतदार यादीतलं नाव गावाहून इकडे आणायचे अर्ज घेऊन मी दारोदार फिरलो. पाव्हण्यांनी अर्ज वाचला, नीट घडी घालून परत दिला. "नाव तितलं काडलं तर पंच काय म्हनतील? आधी मत गेलं, मग चूल गेली."

"आणि काकूंच्या पाठीचं काय?"

"पाट दुखती, व्हय," ते म्हणाले. "पर अजून थोडीच वर्सं. मग जाऊच की गावाला."

"कोण जाऊ?" आतून काकूंचा आवाज आला.

त्याच दिवशी बसून मी पत्रक लिहिलं. मथळा होता: जिथं पाणी भरता, तिथं मत द्या. त्यात एक परिच्छेद असा होता: "आमच्यातले एक गृहस्थ दर महिन्याला गावी जाऊन बंद घरात नुसता धूर करून येतात, का, तर गावानं त्यांना मोजावं. त्यांची पत्नी इथं तीन जिने हंडे वाहते. तिला कोण मोजणार?" नाव घातलं नव्हतं. गरजच नव्हती. पत्रक गाजलं. लोकांनी टाळ्या दिल्या, फोटो काढून पुढं पाठवले. अर्ज भराभर भरले गेले. काकूंनी स्वतः खाली येऊन आपल्या नावाचा अर्ज भरला आणि सही करताना म्हणाल्या, "हंड्याचं बरं लिहिलंत."

पाठवलेल्या फोटोंपैकी एक कुणाकडून तरी त्यांच्या गावच्या ग्रुपवर गेला. चैत्रात पाव्हणं यात्रेला गेले. काकू पाय मुरगळल्यामुळे गेल्या नव्हत्या, म्हणून ताट घेऊन तेच दारात उभे राहिले. पालखी आली, आणि पंचांपैकी एकानं मोबाइल दाखवून सांगितलं, "तुमच्या शेजाऱ्यानंच लिवून दिलंय. चूल न्हाय, नुसता धूर हाय." पालखी पुढच्या दारात गेली.

हे मला काकूंकडून कळलं. दोन दिवसांनी ते स्वतः माझ्या खोलीवर आले. हातात पत्रक. मी उभा राहिलो. ते खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि तो परिच्छेद बोट ठेवून पुन्हा वाचला.

"खोटं एक अक्षर न्हाय," ते म्हणाले. "पर एक ऱ्हायलं."

"काय?"

"त्या चुलीवर म्या च्या करतो. दोन कप. एक शेजारच्या चुलतीला देतो. तिला दिसत न्हाय. च्या पिऊन सांगती, आज आलं जास्त झालं, आज गूळ कमी. म्हैनाभर माझी वाट बगती. मग नुसता धूर कसा म्हनायचा, सांगा?"

मला हे माहीत नव्हतं. त्यांच्या दारात मी अर्ज घेऊन गेलो होतो, परिच्छेद घेऊन गेलो नव्हतो. मी घाईघाईनं म्हणालो, की मी पंचांना पत्र लिहितो, जाहीर खुलासा काढतो, हवं तर स्वतः येतो.

"नगं," ते उठत म्हणाले. "तुमचा कागद लई लांब जातो."

रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. दुसऱ्या दिवशीही जिन्यात भेटले तेव्हा "काय पाव्हणं" म्हणालेच. पण महिन्याभरात त्यांनी कारखान्यात राजीनामा दिला. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. चूल रोज पेटली तर कुणाची शंका उरणार नाही, एवढा सरळ हिशेब. निघायच्या दिवशी मी त्यांची ट्रंक उचलायला वर गेलो. दोघं स्वयंपाकघरात होते.

"चल," ते म्हणाले.

"कुठं?"

"घरी."

"घरातच आहे मी," काकू म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. त्यांनी डब्यात चपात्या भरल्या, डबा फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. त्यांच्या हातात दिला नाही.

खाली रिक्षात बसताना ते नेमाप्रमाणे "जातो" म्हणाले. काकू गॅलरीत होत्या. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही.

त्या वर्षाअखेरीस इमारतीला नळ आला. आमच्या अर्जांमुळे आला की येणारच होता, यावर दोन मतं आहेत. पुढच्या चैत्रात घरी जाताना मी वाट वाकडी करून त्यांच्या गावी उतरलो. ते वाळले होते आणि तरतरीत दिसत होते. घराला चुना दिला होता. चुलीवर खरोखरच चहा होता, दोन नव्हे तर पाच-सहा कप, आणि चुलती भिंतीला टेकून बसली होती. कुणीतरी माझी चौकशी केली तेव्हा ते म्हणाले, "हे आमच्या जूचंद्रचं." पत्रकाचा विषय त्यांनी काढला नाही, मी काढायला गेलो तर चहाचा कप पुढं केला.

पालखी थांबली. ओवाळायला घरची बाई नव्हती, म्हणून चुलतीनं चाचपडत ओवाळलं. गेल्या वर्षी ज्यानं मोबाइल दाखवला होता त्याच पंचानं बाजूला होऊन जागा दिली. पाव्हण्यांनी खांदा दिला. पुढचं दार वीस-पंचवीस पावलांवर होतं. तेवढं अंतर ते इतके हळू चालले की मागच्यांनी "चला की हो" म्हणून हाकारलं, आणि तरीही त्यांनी पाय उचलला नाही.

त्या दिवसापासून मी एक नेम पाळतो. पत्रकात माणूस आला की छापायच्या आधी त्याच्या दारात जाऊन वाचून दाखवतो. काही पत्रकं त्यामुळे निघायचीच राहिली. सहकाऱ्यांना वाटतं मी मऊ पडलो. मला तसं वाटत नाही, पण त्यांच्याशी वाद घालत नाही.

दोन दिवस घरी राहून मी जूचंद्रला परतलो. यात्रेनंतर गावच्या मुंबईकरांचा टेम्पो येतो, त्यातून पाव्हण्यांनी नव्या तांदळाची पोती पाठवली होती. माझ्या आधीच ती पोचली होती, दाराबाहेर पडली होती. काकूंनी दार उघडं ठेवलं होतं, माझी वाटच पाहत असाव्यात.

"थांबली का पालखी?"

"थांबली."

"खांदा दिला?"

"दिला. पुढच्या दारापर्यंत नेली."

काकूंनी डोळे मिटून हात जोडले. मग एकदम मोकळं हसल्या. "झालं एकदाचं. आता मनासारखं झालं ना त्यांच्या? आता येतील."

मी पोत्याकडे वळलो. त्यांनी कात्री आणली आणि आम्ही दोघांनी मिळून पोतं आत ओढलं. मग दुसरं. जिन्याच्या कोपऱ्यात तिसरं होतं, ते काकूंनी तोवर पाहिलं नव्हतं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. खाली बसून त्यांनी पहिल्या पोत्याची शिवण उसवली, मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, नखानं एक दाणा तोडून पाहिला.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. आणि मूठ पोत्यात परत सोडत, माझ्याकडे न बघता, "मला एकटीला दोन वर्षं पुरेल."