विटांचं पान

आमच्या ह्यांना अख्खी गल्ली चावीवाले म्हणते. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. चावी घट्ट पकडायचा एक शिगाडा, कानशींचा डबा, भिंतीभर खिळ्यांना लटकवलेल्या कोऱ्या चाव्या आणि एकच स्टूल. गिऱ्हाईक बसलं की ह्यांनी उभं राहायचं. कुणाचं कुलूप अडकलं की हे त्याला कान लावतात, आत दोन तारा घालतात आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत बसतात. गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हातारा मंत्र टाकतोय. मंत्र कसला डोंबलाचा! शनिवारच्या वाचनाची तयारी चाललेली असायची.

शनिवारी सकाळी आमच्या सिनेगॉगात, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघरात, तोराची म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी कपाटातून बाहेर काढतात. चामड्यावर हाताने लिहिलेली, दोन दांड्यांना गुंडाळलेली, लहान मूल उचलावं इतकी जड. त्यातला त्या आठवड्याचा भाग चालीवर मोठ्याने वाचायचा, आणि तो आमच्याकडे हे वाचायचे, लग्नाच्या आधीपासून. छापील पुस्तकातून वाचणारे दोन-चार जण आहेत अजून. पण गुंडाळीत नुसती अक्षरं असतात. कुठला स्वर लावायचा त्याची खूण नाही, वाक्य कुठे संपतं ते नाही, चाल कशी ते नाही. सगळं डोक्यात असावं लागतं. कोपऱ्यावरचा औषधवाला सिनेगॉगात ह्यांच्या शेजारी उभा असतो. तो म्हणतो, "काकू, डॉक्टरांची चिठ्ठी परवडली."

आणि एवढं सगळं डोक्यात असलं तरी डोक्यातून म्हणायचं नाही, हा नियम. एक अक्षरसुद्धा आठवणीने नाही. चांदीची काडी अक्षरावर ठेवायची, अक्षर बघायचं, मग म्हणायचं. बघितलं नाही तर ते वाचन नव्हे, आणि त्याच्याआधी देवाचं नाव घेऊन म्हटलेली प्रार्थना फुकट जाते. ह्या बाबतीत आमचे हे म्हणजे महाकडक. एकदा भर वाचनात ह्यांना एका अक्षराला तडा गेलेला दिसला. केसाएवढा तडा! दुसरा कुणी असता तर पुढे सरकला असता. ह्यांनी काडी खाली ठेवली, म्हणाले, "गुंडाळी बाद. दुरुस्त झाल्याशिवाय वाचायची नाही." दुसरी गुंडाळी आमच्याकडे नाही. ती दुरुस्तीला लांब पाठवली आणि परत येईपर्यंत वाचन बंद. लोकांनी काय कमी नावं ठेवली? पण हे ढिम्म.

ह्यांना एकच घोर, आपल्यामागे कोण. मुलाला शिकवायला घेतलं, त्याला चालही चांगली उचलता यायची. पण तो नोकरीला दूर गेला आणि तिथलाच झाला. फोनवर म्हणाला, "बाबा, हे सगळं आता ऐकतं तरी कोण?" हे म्हणाले, "मी ऐकतो," आणि फोन माझ्या हातात दिला. मग औषधवाल्याच्या धाकट्याला धरलं. तो पुस्तकावर डोकं टेकून झोपायचा. त्याच्यानंतर शिकवण्याजोगं कुणी उरलंच नाही. मंडळी म्हातारी, घरं बंद, जो तो पोरांकडे निघून गेलेला. सिनेगॉगात पुढच्या दोन बाकांच्या मागे धूळ बसते. ती मी शुक्रवारी जाऊन पुसते, कोण बसणार आहे कोण जाणे.

आणि अशात ह्यांचे डोळे गेले.

एकदम नाही गेले. चहा ओतताना कपाबाहेर जायला लागला, दाराच्या चौकटीला खांदा लागायला लागला. मी म्हटलं, वय झालं. डॉक्टरांनी डोळ्यांत दिवा मारून बघितलं आणि म्हणाले, काचबिंदू आहे, फार उशिरा आलात. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती टिकवायची. टिकवायची कशी, तर थेंब. थेंब मी डोळ्यांत तेल घालून वेळच्या वेळी घातले. तरी ह्यांचं जग नळीतून बघावं तेवढं झालं, आणि मग नळीही बुजली.

दुकानाचं काही अडलं नाही. कुलपाचं काम हाताचं आणि कानाचं. गिऱ्हाइकांना पत्ताही लागला नाही. पण शनिवारचं काय? हे सरळ जाऊन उभे राहायचे, काडी गुंडाळीवर ठेवायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे. सगळं पाठ. काडी आपली अंदाजाने सरकत असायची.

मी घरी भांडले. म्हटलं, "अहो, सांगून टाका. तुम्हीच केसाएवढ्या तड्यासाठी सगळ्यांना घरी पाठवलं होतंत ना?"

"मग वाचणार कोण?" ते म्हणाले.

"कुणी नाही वाचणार! पण हे काय चालवलंय?"

"कुणी नाही, असं नुसतं तोंडाने म्हणायला सोपं आहे तुला." मग आवाज खाली आला. "अगं, मला माहीत नाही का हे काय आहे? पण मी थांबलो तर ते कपाट पुन्हा उघडायचं नाही. कुणी येईपर्यंत रेटतो. कुणीतरी येईल."

कोण येणार होतं? कुठून? पण माणूस आशेवर एवढा हटून बसला की बायकोने काय करावं? रात्र-रात्र जीव जळायचा माझा. देवाशी खोटं बोलतोय म्हणून हा माणूस आतून खचत चालला होता, आणि बाहेर कॉलर ताठ.

वाचायची जागा ते शुक्रवारी दुपारी स्वतः लावून ठेवायचे. दांडी किती फिरवली की पुढचा भाग येतो हे हाताला ठाऊक होतं. मी बाक पुसत असायची. मदत करू का विचारलं की म्हणायचे, "तुला काय कळणार त्यातलं?" खरंच होतं. आम्ही बायका वर सज्जात बसणाऱ्या. आम्हाला कुणी ती अक्षरं शिकवली नाहीत.

पण एक पान आम्हा बायकांनाही ओळखू येतं. आमच्या संदेष्ट्याने, मोशेने, लोकांना समुद्रातून पार नेलं, त्यानंतर त्यांनी म्हटलेलं गाणं. ते लिहितातच वेगळं. थोडी अक्षरं, मग मोकळी जागा, पुन्हा अक्षरं, खालच्या ओळीत उलट. वरून बघितलं तर भिंतीच्या विटा. माझी थोरली जाऊ त्याला विटांचं पान म्हणते. वर्षातून एकदा ते पान येतं, सगळे उभे राहतात, आणि आम्ही सज्जाच्या कठड्यावरून वाकून बघतो.

त्या शनिवारी ह्यांनी गाणं सुरू केलं. सगळे उभे राहिले. मी वाकून बघितलं. खाली गुंडाळीवर विटा नव्हत्याच. वरपासून खालपर्यंत भरगच्च काळी अक्षरं, रोजच्यासारखी. हाताचा अंदाज चुकला होता. भलतंच पान उघडं, त्यावर काडी फिरतेय, आणि हे तल्लीन होऊन समुद्राचं गाणं गातायत. आवाज असा लागला होता म्हणून सांगू! इतका सुंदर ह्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, आणि मला कान बंद करून घ्यावेसे वाटत होते.

शेजारी उभ्या औषधवाल्याला दिसलं होतं. त्याची मान खाली गेली. पण तो तसाच उभा राहिला. म्हटलं, निभावलं बाई.

निभावतं कसलं? वाचन संपलं की गुंडाळी उघडी तशीच उंच उचलतात आणि वाचलेलं पान सगळ्यांना दिसेल अशी फिरवतात. ते काम औषधवाल्याचं. त्याने ती जेमतेम वीतभर उचलली आणि खाली ठेवायला लागला. ह्यांना ते कळलंच, लाकडाचा आवाज कानात बसलेला.

"नीट उचल रे," हे म्हणाले. "जेवला नाहीस का? लोकांना अक्षरं दिसली पाहिजेत."

"काका, असू दे आज."

"असू दे म्हणजे? नियम आहे. वर धर!"

त्याने वर धरली. खालचे सगळे ठरलेलं वाक्य म्हणाले, की हाच तो नियम जो मोशेने आपल्याला दिला. एकाने डोळा वर केला नाही. आणि माझी जाऊ, जिच्या पोटात तीळ भिजत नाही, ती कठड्यावरून अख्ख्या सिनेगॉगाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "अगं बाई! पण विटा कुठायत?"

ह्यांचा चेहरा मी वरून बघितला. तो कुणाच्या वाट्याला येऊ नये.

त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. मग औषधवाल्याला म्हणाले, "कुठलं पान आहे?"

"माहीत नाही, काका."

"वाच ना."

"मला येत नाही हो."

कुणालाच येत नव्हतं. समोर कुठलं पान उघडं आहे, हे सांगणारं तिथे एक माणूस नव्हतं.

"तुला माझ्या डोळ्यांचं माहीत होतं?"

"सगळ्यांनाच माहीत होतं, काका. कधीपासून. आम्हाला चालत होतं."

"तुम्हाला चालत होतं," हे म्हणाले. "म्हणजे तुम्ही मला खेळवत होतात." अंगावरची प्रार्थनेची शाल काढली, घडी न करताच बाकावर टाकली आणि भिंतीला हात लावत बाहेर निघाले. मी जिना कशी उतरले ते मला आठवत नाही.

पुन्हा ते सिनेगॉगात गेले नाहीत. मंडळी जमतात, कपाट उघडतात, गुंडाळीकडे बघतात, कपाट लावतात. औषधवाला छापील पुस्तकातून अडखळत काहीतरी वाचतो आणि सगळे घरी जातात. दोनदा तो ह्यांची माफी मागायला आला. हे त्याच्याशी चाव्यांबद्दल बोलले.

दुकानातलं पुटपुटणंही बंद झालं. मी एकदा म्हटलं, "घरात म्हणायला काय हरकत आहे? मला ऐकायला बरं वाटतं." नुसती कानस चाललेली.

परवा दुपारी मी भांडी घासत होते. हे टेबलाशी बसून होते, आणि अचानक त्यांनी ते गाणं सुरू केलं, हळू आवाजात. मी नळ बारीक केला. मधेच ते अडले. पुन्हा मागून आले, पुन्हा त्याच जागी अडले. तिसऱ्यांदा अडल्यावर त्यांचा श्वास मला इथवर ऐकू आला, घाबरलेल्या माणसाचा. डोळे गेले होते, आता हेही सुटत चाललं होतं.

मला राहवलं नाही. पुढची ओळ मी म्हटली, चालीसकट.

ते थबकले. "पुढे?"

पुढचीही म्हटली. मग राखेचे हात तसेच धरून शेवटपर्यंत म्हटलं.

"तुला कधी आलं हे?"

"जन्मभर ऐकतेय. सज्जातून."

"एवढंच येतं?"

"सगळं येतं की. शनिवारचं कुठलंही सांगा."

त्यांनी विचारलं. इकडचं, तिकडचं, मधलं कुठलं. मी म्हणत गेले. ते प्रत्येक वेळी मान हलवत गेले, आणि मग हलवायचे थांबले.

"मी गावभर माणूस शोधला," ते म्हणाले. "पोराच्या पाया पडायचं तेवढं राहिलं होतं. आणि तू इथे, चुलीपाशी... अगं, बोलली का नाहीस? अक्षरं शिकवली असती तुला मी! निदान घरात तरी. निदान माझी काडी कुठे चाललीय ते तरी तुला कळलं असतं."

"तुम्ही कधी विचारलंत?" मी म्हटलं. माझा आवाज चढला, मलाच ओळखू येईना. "धूळ पुसायला बरोबर नेत होतात ना दर शुक्रवारी? कधी म्हणालात, ये, बघ? तुला काय कळणार त्यातलं, म्हणालात!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ज्या डोळ्यांनी मला एक अक्षर दाखवता आलं असतं, ते आता नुसतं रडायच्या कामाचे उरले होते. त्यांनी हात पुढे केला आणि टेबलावर माझा हात शोधायला लागले, इकडे, तिकडे, वाटी बाजूला सारून.

मी समोरच होते. मी हात दिला नाही.