सतराव्या पानावर राहिलेली ओळ

हर्षा नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला चौदा वर्षांत कोणाला धड सांगता आलं नाही. लाखनीच्या बाजारात कोणी विचारलंच, तर कुंताबाई म्हणायच्या, "गावोगाव फिरते अन् लोकाइले शेतीचा सल्ला देते. कास्तकाराले सल्ला! घ्या आता." आणि स्वतःच हसायच्या. हर्षा नागपूरच्या एका कंपनीत पर्यावरण सल्लागार होती. मातीचे नमुने पिशव्यांत भरायचे, विहिरींचं पाणी तपासायचं, बायकांच्या बैठका घ्यायच्या आणि सगळ्याचा जाडजूड अहवाल करून वर पाठवायचा. वरच्या कपाटांत तिचे तीसेक अहवाल सुखाने झोपले होते. त्यातला एक जरी कोणी उघडून वाचला, तरी जन्माचं सार्थक झालं असं तिला वाटायचं.

आणि एक वाचला गेला. तोही कुठला, तर दिघोरीपासून कोसभरावरच्या तिच्या आजोळच्या तलावाचा!

आईचं माहेर, म्हणून तिथला प्रत्येक बाप्या तिचा मामा. त्यात यादोराव मामा गावाचे पाणकर, म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत, कधी आणि किती सोडायचं हे ठरवणारे. लहानपणी हर्षा उन्हाळ्यात त्यांच्या मागे मागे कोरड्या तलावात फिरायची. बैलबंड्या घेऊन गाव गाळ काढायला उतरायचं. यादोराव अनवाणी चालायचे, टाच रुतवून पाहायचे. गाळ संपून खालची पांढरी चिकण माती लागली, की तिथे पळसाची फांदी रोवायचे. फांदी दिसली की कुदळ थांबली. कोणी कारण विचारत नसे, कारण शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: त्या चिकण मातीनेच तलावाचं पाणी धरलंय, तिच्याखाली नुसता मुरूम.

अहवाल बेचाळीस पानांचा झाला. त्यात देशी मासे होते, पाणवनस्पती होत्या, पक्षी होते, गाळामुळे रासायनिक खत किती वाचेल त्याचा तक्ता होता. सतराव्या पानावर तिने लिहिलं, 'तलावातील साचलेला गाळ पूर्णपणे काढून शेतात पसरवावा.' कुठे थांबायचं, ते लिहिलं नाही. सुचलंच नाही तिला. भात शिजला की चुलीवरून उतरवायचा, हे कोणी कागदावर लिहितं का?

मे महिन्यात बंड्यांऐवजी पोकलेन आलं. यादोरावांनी आपल्या रिवाजाप्रमाणे फांद्या रोवल्या, मशीन त्यांच्यावरून गेलं. तिसऱ्या दिवशी यादोरावांचा फोन आला.

"हर्षा, ये वो लवकर. हे लोक चिकण माती खोदून राहिले."

ती धावत गेली. ठेकेदाराच्या सुपरवायझरने शांतपणे तिचाच अहवाल उघडून तिच्यापुढे धरला. "मॅडम, पूर्णपणे काढा असं तुम्हीच लिहिलंय. नाही काढलं तर आमचं काम अपुरं दाखवतील." मागे टिप्पर मुरूम भरून रस्त्याच्या कामाला चालले होते. हर्षाने अहवाल मंजूर करणाऱ्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, दुरुस्तीचं पत्र पाठवा, समितीपुढे ठेवू. समिती बसली अकराव्या दिवशी. मशीन दहाव्या दिवशी काम संपवून निघून गेलं होतं.

पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला, तसं गाव चिकण माती विसरलं आणि तिला शाल-नारळ दिलं. ती नको नको म्हणत राहिली. लोकांना वाटलं, लाजते आहे. एकटे यादोराव टाळ्या न वाजवता बसून होते, आणि ते तिला दिसत होतं.

गणपती उठले, पाऊसही उठला. धान गर्भात आला, लोंब्या पोटात धरू लागला. आता एकच पाणी हवं असतं, आणि त्या एका पाण्यासाठीच तर वर्षभर तलाव राखायचा. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, तुडुम आहे, पाणी सोडायची दगडी पायऱ्यांची जुनी मोरी. जितक्या पायऱ्या बुडालेल्या, तितकं पाणी शिल्लक. यादोराव रोज सकाळी पायऱ्या मोजायचे आणि फोनवर सांगायचे. सात. पाच. तीन. कोणाच्या बांधीत थेंब सोडलेला नव्हता. पाणी खालूनच जात होतं. हर्षा फोन कानाला लावून ऐकायची. चौदा वर्षं इतरांना सल्ले देणाऱ्या बाईकडे एक सल्ला नव्हता. चिकण माती पुन्हा बसायला तिचं उरलेलं आयुष्यही पुरलं नसतं.

शेवटी ती गेली. तळाशी म्हशी बसतील एवढाच चिखल होता. पाळीखालच्या बांध्यांना भेगा पडल्या होत्या आणि धान गर्भातच पिवळा पडत चालला होता. माणसं पाळीवर बसली होती. कोणीतरी शिव्या द्याव्यात असं तिला फार वाटलं. कोणी दिल्या नाहीत.

"मामा, मला माहीत होतं हो," ती म्हणाली. "माहीत होतं, म्हणूनच लिहायचं राहिलं."

यादोरावांनी तिच्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तो कागद हाये का तुझ्यापाशी?"

तिने पिशवीतून अहवाल काढला.

"तं लिव आता. काय लिवाचं होतं ते."

"आता लिहून काय उपयोग, मामा?"

"लिव ना वो."

तिने सतरावं पान मांडीवर धरलं आणि समासात लिहिलं. यादोरावांना वाचता येत नव्हतं, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं, "पांढरी चिकण माती लागताच खोदकाम थांबवावं. कुठे थांबायचं ते गावच्या पाणकराला विचारावं."

"इतलंच?"

"एवढंच."

यादोरावांनी ते पान आपल्या हातात घेतलं, त्या ओळीवरून अंगठा फिरवला.

"इतलुशीच तं जागा लागली वो, पोरी," ते म्हणाले, आणि रोजच्या सवयीने तुडुमाच्या कोरड्या पायऱ्या मोजायला खाली उतरले.