टाकीतली तापलेली हवा

थर्मोडायनॅमिक्समध्ये मी दोनदा गटांगळ्या खाल्ल्या. तिसऱ्यांदा पास झाले ते बहुधा तपासणाऱ्यालाच माझा कंटाळा आला म्हणून. त्यातलं एकच वाक्य डोक्यात टिकलं: आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. चाकणला नोकरी लागल्यावर त्याचा काही उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं.

आम्ही इंधनाच्या टाक्या बनवतो. टाकी गळते का हे बघायला तिच्यात दाबाने हवा भरायची, थोडं थांबायचं, मग दाब उतरतो का ते पाहायचं. नव्या प्लांट हेडना ते थांबणं खुपलं. "मशीनला नुसतं उभं राहायला ठेवलंय का?" म्हणत त्यांनी ते काढूनच टाकलं. दुसऱ्या दिवसापासून टाक्या धडाधड फेल. खापर फुटलं वेल्डरवर. लातूरकडचा कंत्राटी माणूस. मशीनपाशी उभ्याउभ्याच ठरलं, उद्यापासून याला गेट बंद. तो मास्क कपाळावर सरकवून तिथेच उभा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं डोकंच सणकलं.

"सर, हवा भसकन भरली की तापते," मी म्हटलं. "टाकीचं आकारमान बदलत नाही, म्हणजे हवा काही काम करत नाही. पत्र्याला जेवढी उष्णता देते, तेवढीच तिची आंतरिक ऊर्जा घटते. आणि स्थिर आकारमानाला एवढ्याशा हवेची उष्माधारकता ती केवढी? जराशी उष्णता गेली की गार पडते, दाब उतरतो. ती गार होईपर्यंतच तर आपण थांबायचो. गळत काहीच नाहीये."

"मॅडम, ही कंपनी आहे, कॉलेज नाही."

कॉलेजातही माझं कुणी ऐकलं नव्हतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

तेवढ्यात चहाचा भोंगा झाला. आमच्याकडे भोंगा झाला की माणसं हातातलं टाकून पळतात. मी ऑपरेटरला अडवलं. "भाऊ, यातली एक फेल टाकी लावा, हवा भरा आणि मग खुशाल जा." सगळ्यांचा चहा झाल्यावर तेव्हाचा दाब टिपला आणि बघत बसलो. काटा ढिम्म हलला नाही. दुसऱ्या टाकीचंही तेच.

चूक कबूल करायची पद्धत आमच्याकडे फक्त खालच्यांसाठी आहे. सर वेल्डरकडे न बघताच म्हणाले, "ठीक आहे. उद्यापासून ये."

"उद्यापासून कशाला, साहेब?" तो म्हणाला. "आज कुटं गेलतो मी?"