टिल्बी ओढ्याची मोरी आणि ऑरिन सोल्बर्ग

मोरीचा विषय निघाला की ऑरिन सोल्बर्गची बायको लोइस कॉफीचं भांडं शेगडीवरून उतरवून ठेवायची. नवऱ्याचं बोलून होईपर्यंत कॉफी आटून जाते, हे तिला अनुभवाने ठाऊक होतं.

चौऱ्याहत्तर वर्षांचा हा गृहस्थ. चाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतीपुढे उभा राहिला, त्यात डाव्या हाताचं एक बोट आणि उजव्या कानाचं ऐकणं गेलं. तोंड मात्र शाबूत राहिलं. त्याच्या घरामागून टिल्बी ओढा वाहतो आणि थोडा खाली गेला की रस्त्याखालच्या मोरीतून पलीकडे पडतो. मोरी म्हणजे एक गंजका लोखंडी नळ, तोही पलीकडच्या डोहावर छातीइतक्या उंचीवर लटकलेला. दर नोव्हेंबरात सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून चढून त्या डोहापर्यंत येतात, नळाकडे उड्या मारतात, लोखंडावर थाडथाड आपटतात आणि पोटातली अंडी पोटातच घेऊन मरतात. वर तीन मैल थंड, सावलीचा, गोट्यांचा ओढा रिकामा पडलेला. ऑरिन लहान होता तेव्हा तिथे लाकडी पूल होता आणि मासे थेट त्याच्या आईच्या स्वयंपाकघरामागे येऊन अंडी घालत. मरायच्या आधी ते एकदा पुन्हा बघायचं, एवढंच त्याचं मागणं.

त्यात सरकारने नद्या सुधारायचा मोठा कार्यक्रम काढलेला. मोऱ्या काढायच्या, पूल बांधायचे, माशांना वाट करून द्यायची. ऑरिनने लगेच अर्ज केला. मासेखात्याचं उत्तर आलं की, मोरीच्या वरच्या बाजूस मासे आढळलेले नाहीत, सबब हा ओढा माशांचा नाही, सबब मोरी बदलण्याचे कारण नाही.

ऑरिन तडक कचेरीत गेला. "अहो बाई, मोरी आहे म्हणून तर मासे वर नाहीत!"

"बरोबर," टेबलामागची बाई म्हणाली. "आणि मासे वर नाहीत म्हणून मोरी आहे."

"मग मी करू काय?"

"वर एक तरी मासा दाखवा. आमच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवा."

अकरा वर्षांत असे नऊ अर्ज झाले. दहाव्या वेळी पाहणीला मारीबेथ ओकाडा नावाची खात्यातली तरुण पोरगी येणार असं कळलं, तेव्हा ऑरिनचा धीर सुटला. त्या दिवशी सकाळी तो गमबूट चढवून डोहात उतरला, जाळ्याने एक मादी धरली, ओल्या गोणपाटात गुंडाळली, लेकराला न्यावं तशी छातीशी धरून रस्ता ओलांडला आणि घरामागच्या वळणावर सोडून दिली. दार उघडून लोइस बघत होती. "ऑरिन, तुझं डोकं फिरलंय का?" तिने विचारलं. त्याचा बहिरा कान नेमका तिच्याकडे होता.

अकरा वाजता ओकाडा वळणावर पोचली आणि ओरडलीच. "ऑरिन! अहो, मासा! चांगली हातभर मादी!"

"हो का?" ऑरिन म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्याला कमी बोलावंसं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. मोरीच्या वर मासा आढळला आहे. यावरून मोरी माशांना ओलांडता येते हे सिद्ध होते. सबब मोरी बदलण्याची गरज नाही. फाइल कायमची बंद.

लोइस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग नवऱ्याचा चेहरा बघून तिने हसू आवरलं.

आता एकच उपाय उरला होता, खरं सांगायचा. पण त्या दिवसांत सॅमनला हात लावणं म्हणजे गुन्हा. सहाव्या वर्षापासून गळ टाकणाऱ्या माणसाचा मासेमारीचा परवाना जाणार. "गप्प बस," लोइस म्हणाली. "परवाना गेला तर तू घरात बसशील, आणि तू घरात बसलास तर मी घर सोडीन." दुसऱ्या दिवशी तिनेच त्याला गाडीतून कचेरीत नेऊन सोडलं.

"असं बोलू नका हो, ऑरिन," ओकाडा कळवळून म्हणाली. "मी ऐकलं तर मला लिहावं लागेल."

"लिही, पोरी. मोठ्या अक्षरात लिही."

तिने लिहिलं. परवाना तीन वर्षांसाठी गेला, शिवाय हंगामात ओढ्यापासून पन्नास पावलांच्या आत यायला मनाई झाली. ऑरिनचं स्वयंपाकघर ओढ्यापासून छत्तीस पावलांवर. म्हणजे सकाळची कॉफी ओतून घेताना तो रोज गुन्हा करत होता.

मोरीचं काय झालं? तर हा कबुलीजबाब वरच्या कचेरीत गेला आणि तिथल्या कुणा हुशार साहेबाच्या डोक्यात प्रकाश पडला की, मासा उचलून वर सोडला तर तो वर जातो! पूल कशाला बांधा? पुढच्या नोव्हेंबरात रस्त्यावर 'टिल्बी मत्स्यवहन प्रकल्प' अशी पाटी लागली. मागे पाण्याची टाकी बसवलेला नवाकोरा ट्रक आला आणि नारिंगी जाकिटं घातलेली चार माणसं आली.

त्या वर्षी मासे आलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. डोहात एकच मादी, पाठीचा लचका समुद्रातल्या सील प्राण्याने तोडलेला. चौघांनी तिला धरलं, टाकीत घातलं, वीस पावलं ट्रक चालवला आणि मोरीच्या अगदी वरच्या तोंडाशी, डोकं उताराकडे करून सोडून दिलं. ऑरिनने खिडकी धाडकन उघडली. "अरे, तोंड फिरवा तिचं! धारेकडे तोंड करा, आणि जरा वर नेऊन सोडा! बटाट्याचं पोतं ओतताय का?"

"सर, आत व्हा. तुम्हाला मनाई आहे."

दमलेली मादी धारेबरोबर घसरली, नळात शिरली आणि धप्पकन पुन्हा डोहात. चौघांनी तक्त्यात लिहिलं, एक. सँडविच खाऊन ते परत डोहाकडे गेले. "अरे वा, आणखी एक!" आठवडाभर हेच चाललं. ऑरिन दुर्बीण लावून बघायचा, ओरडायचा, खोकायचा, परत ओरडायचा. प्रत्येक वेळी पाठीवर तोच लचका. तक्त्यात एकतीस मासे झाले.

शेवटच्या दिवशी वरचा साहेब केक घेऊन आला, बरोबर ओकाडाही होती. रस्त्याच्या कडेला टेबल मांडलं, त्यावर पांढरी चादर घातली. साहेबाने "एकतीस" असा आकडा उच्चारला आणि टाळ्या पडल्या. ऑरिन गमबूट घालून घरातून निघाला. पन्नास पावलांची मनाई त्याने सरळ मोडली, त्या सगळ्यांच्या देखत डोहात उतरला आणि कडेला मरून तरंगत असलेली ती मादी उचलून वर आणली. केकच्या शेजारी चादरीवर ठेवली. तिचं फुगलेलं पोट दबलं आणि लालसर अंडी टेबलभर घरंगळली.

"मोजा," तो म्हणाला. "तुमचे सगळे एकतीस इथे आहेत. मोजून घ्या."

साहेब म्हणाला, मेलेले मासे या तक्त्यात धरत नाहीत. ओकाडाने पुढे होऊन तक्ता ओढून घेतला, एकतीसवर काट मारली आणि त्यापुढे शून्य लिहिलं. मग खाली आपली सही केली.