ईशाच्या दप्तराची झडती

कसं सांगू तुम्हाला, मी चक्क देवीच्या व्रतातच तोंडघशी पडले!

यांच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हापासून मी संतोषीमातेचे शुक्रवार धरले. नियम कडक. त्या दिवशी घरात कोणीच आंबट खायचं नाही. नैवेद्याला गूळ-फुटाणे, आणि सोबत यांच्या आवडीची संत्रा बर्फी. प्रताप नगरच्या चौकात ताजी मिळते.

आमची ईशा सहावीत. कथा वाचायला आलेल्या गुरुजींनाच तिने विचारलं, "देवी आई आहे न? मग मी चिंच खाल्ली तर बाबाले काहून त्रास देईल?" गुरुजी पोथीची पानं चाळत राहिले. मी डोळे वटारले. लेकरू हुशार निघालं की आईला असाच घाम फुटतो.

आणि पुढच्याच शुक्रवारी यांना धाप लागली. दवाखान्यात भरती करावं लागलं.

घरी येऊन मी ईशाचं दप्तर उपसलं, डबा हुंगला, जीभसुद्धा बाहेर काढायला लावली. पोलीस तरी एवढी झडती घेत असतील का?

"खरं सांग, काय खाल्लं वं तू?"

"काहीच नाही."

"मग तुझ्या बाबाले काहून झालं असं?"

हे मी बोलले. आपल्याच पोरीला. ती रडली नाही, फक्त जेवली नाही. सकाळीही ताट तसंच राहिलं. ही देवीच कोपली, असं समजून मी नारळाचा नवस बोलले, शेजारच्या काकूंना बोलावून तिची दृष्ट काढली.

शेवटी तिला दवाखान्यात यांच्यासमोर उभं केलं. म्हटलं, हिला कबूल करायला सांगा.

हे उशीवरूनच हळू आवाजात बोलले, "तिनं काही नाही खाल्लं. तूच देवीले दर शुक्रवारी संत्रा बर्फी चारून राहिली. ईशाच्या पहिल्याच दिवशी ध्यानात आलं. मीच म्हटलं, आईले सांगू नको, तिले तेवढाच आधार आहे."

संत्रं! नागपुरात जन्म गेला, पण ते आंबटात मोजायचं असतं हे कधी डोक्यातच आलं नाही हो. आपल्याकडे संत्रं म्हणजे संत्रं.

मी दोन्ही कान धरले. "आता तर देवी कोपली असंल."

"देवी कुठं कोपली, आई?" ईशा म्हणाली. "तिनं तर खाऊन घेतली. कोपली तूच."

तिथेच बाकावर बसून मी तिला डब्यातली पोळी भरवली.

हे अजून दवाखान्यातच आहेत. मी शुक्रवार पुन्हा पहिल्यापासून धरलेत. माझी देवी ऐकेल. फक्त आता नैवेद्याचं ताट आधी ईशाला दाखवते, मग देवीला.