काखेतली गाठ

माझ्या बायकोचे मामा माघात गेले. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले आणि गेले. त्यांच्याइतके प्रश्न विचारणारा माणूस मुर्ध्यापासून उत्तनपर्यंत दुसरा झाला नसावा.

एकाच्या उत्तरावर त्यांचा कधी विश्वास बसत नसे. भाईंदर स्टेशनबाहेर, जिथून त्यांनी जन्मभर मुर्ध्याच्या घरी जायची बस पकडली तिथेच, ते कंडक्टरला विचारत, "ही मुर्ध्याला जाते ना?" मग ड्रायव्हरला. मग शेजारच्या बाईला, आणि ती गुजराती वाटली तर हिंदीत. सगळ्यांनी हो म्हटल्यावर खाली उतरून पाटी वाचून येत. तोवर त्यांची जागा गेलेली असे. बाजारात पापलेट घेताना कोळणीला "ताजं हाय?" विचारून ते तिच्या शेजारणीला विचारत, "हिचं ताजं हाय का गं?" एकदा ती कोळीण वैतागली. "मामा, आता त्या पापलेटलाच इचारा!" तर मामा खरोखरच माशावर वाकले आणि बराच वेळ त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. घरचं मिठागर केव्हाच बंद पडलं होतं, भाताच्या जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. मामी जाऊनही बरीच वर्षं झाली होती. विचारायला मामांकडे वेळच वेळ होता.

मला ते 'जावई' म्हणत, आणि वयाने मुलासारखा असूनही अहो-जाहो करत. मी कमी बोलतो आणि कुठेही पुस्तक घेऊन बसतो, एवढ्यावरून त्यांनी माझ्याविषयी फार चांगलं मत करून घेतलं होतं. एका रविवारी मुर्ध्याला गेलो असताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

"जावई, तुमी वाचता. काखेत गाठ आली तर काय असतं?"

"डॉक्टरांना दाखवा, मामा."

"दाखवली. तो म्हणतो, काखेत काय न्हाय."

"मग झालं तर."

"पण दुखते ना!"

पुढचे काही दिवस मामांनी जग पालथं घातलं. औषधाच्या दुकानात विचारलं, रिक्षावाल्याला विचारलं, कोळणीला विचारलं. सगळ्यांनी काखेवरचे उपाय सांगितले आणि मामांनी ते मनोभावे केले. गरम मिठाची पुरचुंडी काखेत धरून ते ओटीवर बसत. हात शरीरापासून लांब धरून चालत. शेवटी माझी बायको मला म्हणाली, "अहो, काखेत गाठ आलेला माणूस लंगडतो का? तुम्ही विचारा. मला नाही सांगायचे ते."

मी गेलो. ओटीवर त्यांच्या शेजारी बसलो आणि लंगडण्याचं विचारलं. मामांनी मिठाची पुरचुंडी काखेतून काढून बाजूला ठेवली. मग समोरच्या नारळाकडे बघत ते म्हणाले, "गाठ काखेत न्हाय."

"मग?"

"खाली हाय."

"किती खाली?"

"जावयाला सांगायची न्हाय इतकी खाली."

मला हसू आलं, पण ते हसले नाहीत. "तुमची मामी," ते म्हणाले, "तिला पण गाठ होती. लाजंनं बोलली न्हाय. मी पण इचारलं न्हाय. म्हटलं, जेवते, कामं करते, म्हंजे बरी असंल. डॉक्टरकडं नेली तवा उशीर झाला होता. तवापासनं मी सगळ्यांना सगळं इचारतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "माझी पण तसलीच असंल का ओ?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "उद्या आपण दोघे जाऊ."

दवाखान्यात मामांनी "डॉक्टर, ती काखेतली..." अशी सुरुवात केली आणि मी मध्येच म्हणालो, "जांघेत." डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. "अहो, मग मागच्या खेपेला मी इतका वेळ काख का दाबत होतो?" पडद्यामागे तपासून झाल्यावर त्यांनी मामांना पाय पुढे करायला सांगितलं. दोन बोटांच्या मधे जखम चिघळलेली होती.

"हे काय लागलंय?"

"खाडीत कालवाची शिंपली लागली."

"आणि ते कुणाला दाखवलं नाहीत?"

"त्यात काय इचारायचं?" मामा म्हणाले.

जखमेतल्या संसर्गाने गाठ आली असावी, औषधाने उतरेल, नाही उतरली तर पुढच्या तपासण्या करू, असं डॉक्टरांनी सांगितलं. ती उतरेपर्यंत मामा रोज सकाळी फोन करत. "थोडी बारीक वाटते. तुमाला काय वाटतं?" फोनवर मला काय वाटणार? पण मी "हो, बारीक वाटते" म्हणे आणि ते निश्चिंत होत. निदान कंडक्टरला विचारेपर्यंत. कारण आता लाज सुटली होती. गाठ नेमकी कुठे आहे हे मामा भर बसमध्ये सांगत, आणि बाया खिडकीबाहेर बघत.

गाठ उतरली. पुन्हा आली नाही. त्यानंतरची काही वर्षं मामा मजेत जगले, आणि बसमध्ये कुणी तोंड पाडून बसलेलं दिसलं की विचारत, "कुठं दुखतं का? मंग घरी सांगा."

मुर्ध्याच्या घराला आता कुलूप असतं. रविवारी आम्ही दोघे जातो, खिडक्या उघडतो, ओटी झाडतो, चहा करतो. हल्ली हिचा गुडघा दुखतो. तिने ते मला सांगितलं आहे.