आवाज नंबर चौदा

आधीच कबूल करतो, या पानावरचे अनुभव मी आजवर चहा पिता पिता, गालातल्या गालात हसत वाचत आलोय. आमच्या देवबागात दर तिसऱ्या माडाखाली कोणी ना कोणी 'उभं असतं' म्हणतात. लहानपणी पैज लावून मी त्या सगळ्या माडांच्या बुंध्याशी धार मारून आलो होतो. काही झालं नाही. आईने पाठीत धपाटे घातले, तेवढेच. तर असा हा कोरडा माणूस आज तुमच्यापुढे हात जोडून उभा आहे... आता हसायची पाळी तुमची.

गोष्ट २००७ च्या नोव्हेंबरातली. निम्मी घडली दक्षिणेतल्या एका छोट्या विमानतळावर (नाव सांगत नाही, माणसं भली होती) आणि निम्मी देवबागला, कर्लीची खाडी समुद्राला मिळते त्या मुखावर. मधे शेकडो किलोमीटर.

माझे बाबा तांडेल. मासेमारीच्या मोठ्या होडीचे. आमच्या मुखावर वाळू कुठे साठलीय ते दर आठवड्याला बदलतं. आत येताना तांडेल पुढच्या टोकावर उभा राहून पाणी वाचतो आणि सुकाणूवरचा माणूस मागे, त्याला पुढचं काही दिसत नाही. मधे इंजिनाची धडधड. म्हणून आमच्या होडीवर एक शिरस्ता होता. पुढून जो हुकूम येईल तो मागच्याने जसाच्या तसा ओरडून परत सांगायचा. 'डावी' आली की 'डावी'. 'थांब' आलं की 'थांब'. नुसतं 'होय' म्हणणाऱ्याला बाबा जेवण देत नसत.

मी सतराव्या वर्षी सुकाणूवर उभा राहिलो. बाबा पुढून ओरडले, मी ऐटीत 'होय' म्हटलं आणि होडी वाळूवर चढवली. भरल्या मासळीसकट. ओहोटी होती, त्यामुळे सहा तास तिथेच. सगळं गाव बघायला आलं, मासळी घारींनी खाल्ली. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "हेका शिकाक पाठव गो. बोटीर रवलो तर एक दिवस कोणाचो तरी जीव घेतलो."

तर मी इंजिनीअर झालो तो असा. लोक हुशार म्हणून होतात, मी धोकादायक म्हणून झालो.

पुढे बंगळूरच्या एका छोट्या कंपनीत लागलो. आमचं काम होतं विमानांसाठी, पण आकाशातलं नाही, जमिनीवरचं. विमान धावपट्टीकडे जाताना किंवा परत येताना रस्त्यांवरून गाडीसारखं चालतं, त्याला टॅक्सी करणं म्हणतात. टॉवरमधला कंट्रोलर रेडिओवर सांगतो, अमुक रस्त्याने जा, धावपट्टीच्या अलीकडे थांब. 'होल्ड शॉर्ट' म्हणतात त्याला. पायलटने ते शब्द परत म्हणायचे. कोणी चुकून तसाच पुढे गेला आणि त्याच वेळी दुसरं विमान उतरत असलं तर... संपलं. आम्ही असं मशीन करत होतो जे दोघांचं बोलणं ऐकून ताडून पाहील आणि गडबड असेल तर चालवणाऱ्यापुढे लाल दिवा लावील.

अडचण अशी की मशीनला आपल्याकडचे उच्चार कळेनात. आणि गोंगाटात तर काहीच कळेना. खऱ्या विमानात रेकॉर्डिंग करू द्यायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा मी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं, इंजिनाच्या आवाजात ओरडून हुकूम देणारी आणि परत सांगणारी माणसं माझ्याकडे आहेत. आमचे प्रमुख राघवन सर गार. चार दिवसांनी मी देवबागला, गळ्यात माइक, हातात आईच्या खटखट्या लाडवांचा डबा. एक लाडू, एक आवाज.

तेरा आवाज लगेच मिळाले. बाबा चौदावे, आणि ते तयार होईनात. इंग्रजी बोलायला मी काय पायलट आहे का, म्हणाले. मी सगळी पद्धत समजावली. ते जाळं विणता विणता ऐकत होते. मग हात थांबला.

"म्हणजे ह्यां आमचाच मगे," म्हणाले. "आणि तेणा नुसता 'होय' म्हटल्यान तर? नायतर काय बोललोच नाय तर?"

मी म्हटलं, तेव्हा मशीन गप्प राहतं, चूक सापडली तरच ओरडतं.

"म्हणजे तुझ्या मशीनाक गप ऱ्हवणारो माणूस शाणो वाटता?"

पाच इंजिनीअर, दीड वर्ष, आणि हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. बंगळूरला परतल्यावर आम्ही ते उलटं केलं. शब्द परत आले नाहीत तर दिवा लालच. मशीन उपयोगाचं झालं ते त्या दिवसापासून. हे मी आजही छाती फुगवून सांगतो, कारण त्यात माझं काही नाही.

बाबांचा आवाज मग घेतला. खाडीत, इंजिन चालू ठेवून. बाबा पुढून 'होल्ड शॉर्ट' ओरडायचे आणि मागून सुकाणूवरचा पास्कू 'होल्ड शॉर्ट'. पास्कू बाबांकडे वीस वर्षं होता. गोव्याच्या मावशीमुळे त्याचं इंग्रजी आपल्यापेक्षा बरं, असा त्याचा समज होता, आणि तो चाळीस वेळा निरनिराळ्या ऐटीत म्हणून दाखवत होता. एकदा तो शिंकला आणि परत सांगायचं राहिलं, तर बाबांनी रेकॉर्डिंग थांबवून ते पुन्हा घ्यायला लावलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता मशीनची चाचणी. कंपनीने सांगून ठेवलं होतं, यात नापास तर काम बंद. मशीन बघायला आलेले पाहुणे टॉवरमध्ये सरांबरोबर. खाली जीप, जी विमानाचं सोंग घेणार. जीपमध्ये मी एकटा, मागे लॅपटॉप, पुढे लाल-हिरवा दिवा. त्या विमानतळावर फक्त फ्लाइंग स्कूलची छोटी विमानं उतरत.

माझे पराक्रम आता क्रमाने ऐका. सकाळी धीर यावा म्हणून मी लॅपटॉपवर हेडफोन लावून बाबांचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्यासाठी रेडिओकडून लॅपटॉपला जाणारी वायर काढली. ती परत लावली नाही. मग फोटो निघणार म्हणून कोणाचा तरी काळा गॉगल मागून घातला. कंट्रोलरने मला रस्ता सांगितला, शेवटी 'होल्ड शॉर्ट' म्हणाला. मी तेव्हा आरशात गॉगल बघत होतो. ऐटीत 'रॉजर, रॉजर' म्हटलं. म्हणजे काय? होय, होय! सतरा वर्षांचा होतो तेव्हा जे केलं तेच, फक्त इंग्रजीत. आणि माइकचं बटण सोडलंच नाही. ते दाबलेलं असलं की दुसऱ्याचं बोलणं आत येत नाही. कंट्रोलर वर जिवाच्या आकांताने मला थांबवत होता, असं नंतर कळलं. मी धावपट्टीकडे चाललो होतो, शीळ घालत.

दिवा लाल झाला. बझर वाजला.

मी ब्रेक दाबला तो विचार करून नाही, दचकून. जीप पांढऱ्या रेघेवर थांबली आणि समोरून, डोळ्यांसमोरून, एक छोटं विमान टेकलं आणि पुढे गेलं. आतल्या मुलीची लाल टोपी दिसली मला. शिकाऊ पायलट होती ती. चाकांचा धूर जीपवर आला.

टॉवरमध्ये टाळ्या वाजल्या म्हणे. त्यांना वाटलं, सगळं ठरवून दाखवलं. मी गॉगल काढला, खाली बघितलं तर रेडिओची वायर माझ्या बुटाजवळ लोळत होती.

मशीन बहिरं होतं हो. त्याला काही ऐकू जायचं कारणच नव्हतं.

लॉग उघडला. मशीन प्रत्येक हुकमाची एक ओळ लिहितं आणि आवाज कोणाचा तेही ओळखून टाकतं. ओळ एकच होती. दहा वाजून बावीस मिनिटं. हुकूम, होल्ड शॉर्ट. आवाज, नंबर चौदा. परत सांगितलं? नाही. ती ओळ लाल.

संध्याकाळी मी सरांना सगळं सांगितलं, वायरीसकट. नोकरी जाईल असं वाटत होतं, पण टाळ्या घशाखाली उतरत नव्हत्या. सरांनी ती वायर हातात घेऊन पाहिली. मग म्हणाले, सकाळचं रेकॉर्डिंग मागे चालू राहिलं असेल, मशीनने तेच ऐकलं. मलाही हे पटलं, पटवून घ्यायचंच होतं. पण तपासलं तर त्या वेळची आवाजाची फाइल सपाट निघाली, आडवी रेघ. आणि दुसरं म्हणजे, बाबांच्या सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये परत न सांगितलेला एकही हुकूम नव्हता. बाबांनी राहूच दिला नव्हता. जुनं काही वाजलं असतं तर मागोमाग पास्कूचा आवाज आला असता आणि दिवा हिरवा झाला असता.

सरांनी पाहुण्यांना खरं सांगून पुन्हा चाचणी मागितली. चार दिवसांनी झाली, वायर लावून, जीप दुसऱ्याने चालवली. मशीन पास झालं. मी लॅपटॉप घेऊन सुट्टीवर घरी गेलो.

देवबागला पोचलो तर आई आधीच तापलेली. "तुझ्या बापाशीन गेल्या बुधवारी माझी साडेधाची यष्टी चुकवल्यान," म्हणाली. होडी आली की ती टोपली घेऊन त्या एसटीने मालवणच्या बाजारात जाते. त्या दिवशी होडी मुखाच्या बाहेर येऊन उभी राहिली आणि आत येईचना. ही किनाऱ्यावरून हात करून थकली. एसटी तिच्यादेखत गेली.

बुधवार. आमची चाचणी बुधवारी होती.

बाबा खाडीवर होडीत बसून इंजिन पुसत होते. मी विचारलं, काय झालं होतं? ते सांगायला फारसे राजी नव्हते. मुखावर मोठी लाट उठताना त्यांनी पाहिली. हुकूम द्यायला तोंड उघडलं. "तोंडातसून तां तुझा इंग्रजीच भायर पडला," म्हणाले. रेकॉर्डिंगपासून सगळे खलाशी थट्टेने तेच म्हणत होते, ती सवय. पण 'होल्ड शॉर्ट' ओरडल्यावर मागून पास्कूचा आवाज आला नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा. पास्कूने ऐकलं होतं, होडी थांबवलीही होती, पण लाट बघून त्याची वाचा बसली. लाट पुढ्यात फुटली. होडी तिथे असती तर पाच माणसं गेली असती.

मी त्यांना माझ्या बाजूचं सांगितलं. गॉगल, बटण, वायर, लाल टोपी, नंबर चौदा. वाटलं होतं, चकित होतील, निदान हात जोडतील. बाबांनी फडकं पिळलं आणि विचारलं, "मगे? तू परत सांगलंस?"

"नाय," मी म्हटलं.

"कित्या?"

बाबांनी फडकं बाजूला ठेवलं.

"जा मागे. सुकाणूवर उभो ऱ्हव."

बांधलेल्या होडीत, सूर्य माडांमागे उतरत असताना, पस्तिशीतला इंजिनीअर सुकाणू धरून उभा राहिला. शेजारच्या होडीतले दोघे काम सोडून बघत होते. बाबा पुढच्या टोकावर गेले, माझ्याकडे पाठ केली आणि खाडीकडे तोंड करून ओरडले, "होल्ड शॉर्ट!"

"होल्ड शॉर्ट!" मी ओरडलो. आवाज फाटला. शेजारचे हसले. बाबा वळले नाहीत, पण त्यांचे खांदे सैल झालेले मला दिसले.

"उद्या सकाळी तूच धर," एवढंच म्हणाले.

घरी आलो. लॅपटॉप पिशवीत होता, बंद, सकाळपासून चार्जही केलेला नव्हता. जेवणाआधी बाबांना ती ओळ दाखवावी म्हणून उघडला. दहा वाजून बावीस मिनिटं. होल्ड शॉर्ट. आवाज, नंबर चौदा. परत सांगितलं? हो. ओळ हिरवी होती. परत सांगितल्याची वेळ सहा वाजून पाच मिनिटं. त्याच संध्याकाळची, मी होडीत ओरडलो तेव्हाची.

सर म्हणतात, तूच बदललंस. माझ्या चुकांची यादी पाहता त्यांना दोष देत नाही. पण मी बदललं नाही. का झालं, कसं झालं, कोणी कोणाला ऐकलं... इतकी वर्षं शोधतोय. इथे कोणी जाणकार असेल तर सांगा, मी ऐकून घेईन. आता हसणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुखातून होडी बाहेर काढली आणि आत आणली, प्रत्येक हुकूम परत सांगत. वाळूला चाटूनसुद्धा गेली नाही. पास्कू खुशाल विडी ओढत बसला होता. किनाऱ्यावर लिलावाला माणसं जमली होती. बाबा टोपली उतरवता उतरवता माझ्याकडे बोट करून कोणाला तरी, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, म्हणाले, "झील माझा कधी आयकूक नाय. झिलाचा मशीन मात्र आयकता हां."